बाईमाणसाला सरकारी मोफत वकील: विधी सेवेचा आमचा अनुभव, पाचपैकी चार स्टार

आधी निकाल सांगते, मग बाकीचं. विधी सेवा प्राधिकरणाकडून मिळणारा मोफत वकील ही सेवा खरी आहे, चालू आहे, आणि वेळेत गाठली तर घर वाचवते. पाचपैकी चार स्टार. एक का कापला ते पुढे लिहिलंय, पण चार मी अगदी मनापासून देतेय. आणि हे लिहायचं कारण म्हणजे आमच्या आसपासच्या शंभरातल्या नव्वद बायकांना ही सोय आहे हेच माहीत नाही. मी बँकेत नोकरी करते, रोज लोकांना फॉर्म भरून देते, तरी मलाही फक्त पाटी वाचून नाव माहीत होतं, आत काय मिळतं ते नाही.

कोणासाठी गेलो ते सांगते. आमच्या बिल्डिंगमध्ये आणि मागच्या गल्लीत मिळून बऱ्याच घरी पोळीभाजी करणारी एक दीदी आहे. नाव लिहीत नाही, तिने तसं सांगितलंय. मूळ मुर्शिदाबाद जिल्ह्यातली, पश्चिम बंगाल. जन्म १९८४ चा, गावात घरीच, दाईच्या हातून, त्यामुळे जन्माचा दाखला नाही. २००३ साली लग्न होऊन मुंबईत आली, नवरा जरीकाम करायचा, कुर्ल्याला मिठी नदीच्या काठाला राहायचे. २६ जुलै २००५ ला जेव्हा सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला त्या दिवशी यांच्या खोलीत छपरापर्यंत पाणी आलं आणि कागदांची ट्रंक गेली. पुढे नवरा वारला. मुलगी यंदा दहावीला, मराठी माध्यमात, मुलगा सहावीत. दीदी मराठी चांगलं बोलते, फक्त ळ येत नाही, पोळीला पोली म्हणते, आणि आमच्याकडची लहान पोरं तिचं ऐकून तसंच म्हणतात.

तर एका संध्याकाळी दिवेलागणीनंतर तिला चौकशीसाठी म्हणून घरातून नेलं. कुठल्या पोलीस ठाण्यात ते लिहीत नाही, तो मुद्दाच नाही. हातात काही लेखी दिलं नाही. बोलण्यावरून बांगलादेशी वाटते, कागद आणा, एवढंच. मोबाईल काढून घेतला. मुलगी धावत आमच्याकडे आली, तिच्या हातात आईचं आधार कार्ड होतं, लॅमिनेट केलेलं, कडा उकललेल्या, आणि ती एकच वाक्य बोलत होती, काकू हे दाखवलं तरी नाही सोडलं.

तिथे पोचल्यावर कळलं की आधार दाखवून काही होत नाही. आणि ते कायद्यानेही तसंच आहे, हे आपण सगळ्यांनीच डोक्यात पक्कं बसवून घ्यायला पाहिजे. आधारच्या २०१६ च्या कायद्यातच लिहिलंय की आधार म्हणजे नागरिकत्वाचा पुरावा नाही, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये मुंबई हायकोर्टानेही एका जामिनाच्या प्रकरणात म्हटलं की आधार, पॅन, मतदार ओळखपत्र नुसतं हातात आहे म्हणून कोणी भारताचा नागरिक ठरत नाही. त्यात परदेशी नागरिकांच्या कायद्यात उलटा नियम आहे, म्हणजे चोरीच्या केसमध्ये पोलिसांनी सिद्ध करायचं असतं, इथे ज्याच्यावर संशय त्यानेच सिद्ध करायचं की मी इथलाच. १९४६ च्या जुन्या कायद्यात हे होतं आणि १ सप्टेंबर २०२५ पासून जो नवीन इमिग्रेशन आणि परदेशी नागरिक कायदा लागू झाला त्यातही आहे. आता विचार करा, घरोघरी पोळ्या लाटणारी बाई, ट्रंक पुरात गेलेली, रात्री ठाण्यात बसलेली, तिने हे कसं सिद्ध करायचं?

भीती उगाच नव्हती. जून २०२५ मध्येच मीरा रोडकडून उचललेले मुर्शिदाबादचे कामगार सीमेपलीकडे ढकलले गेले होते आणि बंगाल सरकारने कागद पुढे केल्यावर परत आणले गेले, पेपरात सगळं आलं होतं. त्याच महिन्यात दिल्लीत पकडलेली बीरभूमची एक गरोदर बाई नवऱ्यासकट, लहान मुलासकट बांगलादेशात पाठवली गेली. कलकत्ता हायकोर्टाने सप्टेंबरमध्ये परत आणा म्हणून सांगितलं आणि ती मुलाला घेऊन परत आली डिसेंबरमध्ये. म्हणजे कागद खरे असले तरी आधी माणूस जातो आणि मग महिनोन्महिने कोर्ट. आमच्या डोक्यात त्या रात्री एकच होतं, हिला ट्रेनमध्ये बसवायच्या आत काहीतरी झालं पाहिजे. एकदा सीमेवर नेलं की कोणाला फोन करणार?

आमच्या बचत गटात एक ताई आहेत, त्यांच्या बहिणीची कौटुंबिक हिंसाचाराची केस मोफत वकिलानेच लढवली होती. त्याच म्हणाल्या, उद्या सकाळी प्राधिकरणात जाऊ, पण आज रात्री रिकाम्या हाताने परत जायचं नाही. मग तिथेच बाकावर बसून साध्या कागदावर वरिष्ठ निरीक्षकांच्या नावाने अर्ज लिहिला. अमुक बाईला अमुक वाजता घरातून आणलंय, कुठल्या कलमाखाली आणलं ते लेखी कळवावं, सूर्यास्तानंतर बाईला अटक करायला नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४३ प्रमाणे अपवादात्मक कारण आणि मॅजिस्ट्रेटची आधी परवानगी लागते, अटक असेल तर २४ तासांत कोर्टात हजर करावं, घरी दोन मुलं आहेत. खाली आम्ही जमलेल्या सगळ्यांनी सह्या केल्या, फोन नंबर लिहिले, आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारून पोच घेतली. पोच द्यायला बराच वेळ टाळाटाळ झाली पण आम्ही हललो नाही. एका महिला कॉन्स्टेबलने आत दीदीला चहा दिला, तिची औषधाची गोळीही पोचवली, हेही लिहायला हवं कारण ते खरं आहे.

ही पोच पुढे सगळ्यात उपयोगी पडली. वकील मॅडमनी पहिल्यांदा तीच मागितली. कारण त्या कागदावर तारीख, वेळ आणि शिक्का होता, आणि आम्ही तिला आणलंच नव्हतं असं आता कोणी म्हणू शकत नव्हतं.

सकाळी १५१०० ला फोन लावला. ही राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाची हेल्पलाइन, पाठ करून ठेवा. तिथून आमच्या भागाच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाची माहिती दिली. आमच्यातल्या दोघी तिकडे गेल्या, बाकीच्या ठाण्याबाहेर. ऑफिस म्हणाल तर कोर्टाच्या आवारातल्या कुठल्याही सरकारी खोलीसारखं, फायली, लोखंडी कपाटं, बाहेर बाकावर बसलेल्या बायका, जवळजवळ सगळ्यांच्या मांडीवर प्लास्टिकची पिशवी आणि पिशवीत कागद. अर्जाचा फॉर्म एका पानाचा आहे, मराठीत आहे, आणि तो भरायला तिथला विधी स्वयंसेवक मदत करतो. उत्पन्नाचा दाखला मागितला नाही, आणि मागायचाही नसतो. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ प्रमाणे बाईला, लहान मुलाला, अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला, अपंगाला आणि कोठडीत असलेल्या माणसाला उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळतो. उत्पन्नाची अट बाकीच्यांना. म्हणजे माझ्यासारख्या पगारदार बाईलासुद्धा मिळतो, हे ऐकून मी खरंच गप्प झाले.

मी एक प्रश्न मुद्दाम विचारला, कारण बिल्डिंगमध्ये तो कोणीतरी विचारणारच होतं. बाई परदेशी निघाली तर? तिथले साहेब शांतपणे म्हणाले, तरी वकील मिळेल. मोफत वकील मिळायला नागरिक असावं लागत नाही, केस लढवायची असणारी किंवा कोठडीत असलेली कोणीही व्यक्ती अर्ज करू शकते. जगण्याच्या हक्काचंही तसंच आहे, १९९६ मध्ये चकमा निर्वासितांच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की तो हक्क नागरिक नसलेल्यालाही आहे. हे मला फार पटलं. ज्याला परत पाठवायचं त्याचंही म्हणणं आधी ऐकलं गेलं पाहिजे, आणि नीट ऐकलं तरच कळणार ना की परत पाठवायचं कोणाला.

दुपारच्या आत पॅनलवरच्या, म्हणजे प्राधिकरणाच्या यादीतल्या, एक वकील मॅडम ठाण्यात हजर. तरुण होत्या, खांद्याला सॅक, आवाज अजिबात चढवला नाही. आधी दीदीला भेटायला मागितलं, आणि तिच्याशी एकटीशी बोलल्या. मग वकीलपत्रावर सही घेतली. दीदी सही बंगालीत करते, आधारवर मात्र अंगठा आहे, मॅडमनी तेव्हाच तिला सांगितलं की इथून पुढे सगळीकडे एकच सही करायची. मग ड्युटीवरच्या अधिकाऱ्यांना एवढंच विचारलं की ही अटक आहे की चौकशी. अटक असेल तर कारण लेखी द्या आणि २४ तास संपायच्या आत कोर्टात न्या, चौकशी असेल तर नोटीस द्या, कागद आणायला मुदत द्या आणि बाईला घरी पाठवा. मे २०२५ मध्ये केंद्राने राज्यांना सांगितलंय की संशयिताने दिलेली माहिती ३० दिवसांत पडताळायची, त्याचाही उल्लेख केला. म्हणजे हिने गावचा पत्ता दिलाय ना, मग गावच्या ठाण्याकडून पडताळणी मागवा आणि तोवर हिला कुठेही हलवू नका. हे सगळं त्यांनी अर्जातही लिहून दिलं, पुन्हा पोच.

संध्याकाळी दीदी घरी आली. हातात नोटीस, त्यात तारीख, अमुक दिवशी कागद घेऊन हजर राहा. घरी आल्याआल्या ती मुलीवर ओरडली की तू आज शाळेत का गेली नाहीस, प्रिलिम जवळ आलीय, आणि मग ओट्याला टेकून खूप रडली.

आता खरं काम. आणि इथे मला सेवेबद्दल जितकं चांगलं लिहायचंय तितकंच वस्तीबद्दलही लिहायचंय, कारण वकील अर्ज लिहू शकतो, गावचा कागद उकरून आणू शकत नाही. ते माणसांनी करायचं असतं.

मॅडमनी नीट समजावलं होतं. नागरिकत्व कायद्याप्रमाणे २६ जानेवारी १९५० नंतर आणि १ जुलै १९८७ च्या आधी जो भारतात जन्मला तो जन्माने नागरिक, आईबाप कोण ते बघत नाहीत. दीदी १९८४ ची, म्हणजे तिचा जन्म मुर्शिदाबादला झाला एवढं दाखवलं की झालं. पण पोरांचं वेगळं. ३ डिसेंबर २००४ नंतर जन्मलेल्या मुलाचे एक तर दोन्ही पालक नागरिक हवेत, किंवा एक नागरिक आणि दुसरा बेकायदा आलेला नसावा. म्हणजे या बाईवर शिक्का बसला तर इथल्या म्युनिसिपल हॉस्पिटलात जन्मलेल्या, मराठी शाळेत शिकलेल्या दोन्ही पोरांचंही अडणार. हे ऐकल्यावर बचत गटातल्या बायका ज्या जोमाने उठल्या ते मी शब्दात सांगू शकत नाही.

पोरांची सोय पहिल्या रात्रीपासूनच लागली होती. धाकटा आमच्याकडे झोपायचा, मुलगी समोरच्या वहिनींकडे, कारण त्यांच्या मुलीचीही दहावी. दीदीची कामं सुटू नयेत म्हणून दोघीतिघींनी तिच्या घरांच्या वेळा वाटून घेतल्या आणि पगार तिचा तिलाच द्यायचा असं ठरलं, एकाही घराने कापला नाही. भिशीचा नंबर जिचा होता तिने स्वतःहून पुढे ढकलला आणि ते पैसे दीदीच्या दिराला गावी जायला दिले. तो हावड्याची गाडी पकडून गेला, गावच्या प्राथमिक शाळेत जाऊन रजिस्टरचा उतारा आणला, दीदी चौथीपर्यंत शिकलीय, त्यात बापाचं नाव, गाव, जन्मतारीख. पंचायतीच्या प्रधानाचा दाखला आणला, वडिलांच्या जमिनीच्या जुन्या दलिलीची, म्हणजे दस्ताची, प्रत आणली. आणि बंगालात बाहेरगावी गेलेल्या मजुरांसाठी २०२३ पासून कल्याण मंडळ आहे, तिथेही नाव नोंदवून आला.

इकडे आमच्या मंडळाच्या मुलांनी २००२ ची मतदार यादी शोधायला घेतली. बंगालमध्ये मतदार याद्यांची सखोल तपासणी २००२ मध्ये झाली होती आणि ती जुनी यादी आता निवडणूक कार्यालयाच्या साइटवर आहे. पण आहे ती बंगालीत, स्कॅन केलेली, तिरकी, फिकट पानं. दहीहंडीला सातव्या थराचं बोलणारी ही पोरं मोबाईल झूम करून करून बघतायत आणि एक अक्षर वाचता येत नाहीये. मग कोणीतरी झवेरी बाजारात काम करणाऱ्या एका बंगाली सोनार कारागिराला बोलावलं. तो रविवारी सुट्टीच्या दिवशी आला, भिंग घेऊन आला, तेच, दागिना तपासायचं, डोळ्याला लावायचं, आणि लॅपटॉपच्या स्क्रीनला नाक लावून पान पान वाचत बसला. जेवायला उठ म्हटलं तर उठेना. दुपारी कधीतरी त्याने बोट ठेवलं, हे बघा, हा बाप, ही आई, घर नंबर हा. दीदीने आईचं नाव त्याच्या तोंडून ऐकलं आणि पदर तोंडाला लावला, आई जाऊन बरीच वर्षं झालीत. त्याने पैसे घेतले नाहीत. म्हणाला, उद्या माझ्यावर येईल तेव्हा तुम्ही या.

नावाचा घोळ निघाला तो वेगळाच. शाळेत नाव खातून, लग्नानंतर मतदार यादीत बीबी, आणि इथे आधार काढताना कोणीतरी बेगम टाकलं. बंगालात मुस्लिम बायकांचं असं सर्रास असतं, लग्नाआधी खातून आणि नंतर बीबी, पण इथे बसलेल्या माणसाला त्या तीन वेगळ्या बायका दिसतात. मॅडमनी तिन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र करून दिलं. बाहेर एक एजंट त्यासाठी स्टॅम्प पेपर, नोटरी, टायपिंग असं करून बरेच पैसे मागत होता. लक्षात ठेवा, महाराष्ट्रात सरकारी ऑफिसात आणि कोर्टात द्यायच्या प्रतिज्ञापत्राला स्टॅम्प पेपर लागत नाही, आणि मोफत विधी सेवेत वकिलाच्या फीबरोबर कोर्ट फी, कागद तयार करणं, भाषांतर, निकालाच्या प्रमाणित प्रती हेही धरलेलं असतं. आमच्याकडून एक रुपया कोणी मागितला नाही, चहासुद्धा मॅडमनी स्वतःचा स्वतः घेतला.

सगळे आमच्या बाजूने होते असंही नाही, आणि ते लपवायचं कारण नाही. दुसऱ्या मजल्यावरचे एक काका, रिटायर्ड, त्यांचं म्हणणं ठाम की घुसखोरी हा खरा प्रश्न आहे, सरकार करतंय ते बरोबर करतंय, तुम्ही बायका भावनेच्या भरात पडू नका. मी त्यांच्याशी वाद घातला नाही. सीमा पाळायला नकोत असं माझंही म्हणणं नाही. पण दीदी त्यांच्याकडे २०११ पासून पोळ्या करतेय, त्यांच्या बायकोच्या आजारपणात रात्रीची थांबलीय. मी फक्त तेवढंच लेखी मागितलं. काकांनी चष्मा लावून स्वतःच्या अक्षरात लिहून दिलं, सदर बाई २०११ सालापासून आमच्या घरी काम करते हे मला स्वतःला माहीत आहे. खाली सही, फ्लॅट नंबर, तारीख. आणि मला म्हणाले, माझं मत तेच आहे बरं का, पण हे खरं आहे म्हणून लिहून देतोय. मला त्या कागदाचा फार आदर वाटतो. मॅडमनी तो फाईलमध्ये वरच लावला.

शाळेच्या बाईंनीही लगेच बोनाफाईड दिलं, रेशन दुकानदाराने जुन्या रजिस्टरमधून नोंद शोधून दिली, कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याने पूर्ण फाईलचे तीन सेट मारले आणि हिशेब नंतर बघू म्हणाला.

आता तो एक स्टार. ऑफिस संध्याकाळी बंद होतं आणि सुट्टीच्या दिवशी बंद असतं, आणि माणसं उचलली जातात नेमकी रात्री नाहीतर शुक्रवारी संध्याकाळी. राष्ट्रीय प्राधिकरणाची २०१९ ची योजना आहे की अटकेच्या आधी, नुसतं चौकशीला बोलावलं असलं तरी ठाण्यातच वकील मिळावा. कागदावर फार चांगली आहे. पण ज्या बाईचा मोबाईलच काढून घेतलाय तिला हे सांगणार कोण? प्रत्येक ठाण्यात दारातच, बाकाच्या समोर, मराठी, हिंदी आणि बंगालीत १५१०० मोठ्या अक्षरात पाहिजे. दुसरं, दुभाषा. दीदीला मराठी येतं म्हणून निभावलं, तिची जाऊ आली असती तर एक वाक्य नीट सांगता आलं नसतं, आणि चुकीचा एक शब्द जबाबात गेला की आयुष्यभर मागे लागतो. तिसरं, मॅडमकडे एका वेळी इतक्या केसेस होत्या की फोनवर भेटायला कधी कधी रात्रीचे दहा वाजायचे. त्यांची चूक नाही, माणसं कमी आहेत. त्या तरीही उलट फोन करायच्याच.

ज्यांच्या घरी, बिल्डिंगमध्ये, ओळखीत अशी कोणी बाई असेल, बंगालची, आसामची, कुठलीही, त्यांनी तिच्यावर वेळ यायची वाट बघू नका. आत्ताच बसा तिच्याबरोबर. आईबापाचं नाव जुन्या मतदार यादीत शोधा, गावच्या शाळेचा उतारा मागवा, जमिनीचा कागद, पंचायतीचा दाखला, मुलांचे जन्मदाखले. सगळीकडे नावाचं स्पेलिंग एकच आहे का ते बघा, नसेल तर आधीच दुरुस्त करा. मूळ कागद तिच्याकडे, एक सेट शेजारी, फोटो काढून दोघीतिघींच्या मोबाईलमध्ये. आमची दीदी आता तिचा एक सेट माझ्या लॉकरमध्ये ठेवते, पुराचं पाणी तिच्या डोक्यातून गेलेलं नाही. आणि कोणी नेलंच तर त्याच तासाला लेखी अर्ज, शिक्क्याची पोच आणि १५१००. मोठा वकील परवडत नाही म्हणून घरी बसून राहू नका. मोठा वकील करायला निघालात तर फी जमवण्यातच दोन दिवस जातात, आणि या प्रकारात दोन दिवस म्हणजे फार झाले. वर हायकोर्टात जायची वेळ आली, म्हणजे माणूस कुठे नेलाय तेच कळत नसेल, तर तिथेही विधी सेवा समिती आहे, तीही मोफत.

आत्ताची परिस्थिती अशी की गावच्या ठाण्याची पडताळणी आली, पत्ता बरोबर, आईवडील तिथलेच, शाळेची नोंद बरोबर. तो रिपोर्ट इथे जमा झालाय. चौकशी बंद झाल्याचं लेखी पत्र मात्र अजून हातात नाही, मॅडमनी त्यासाठी अर्ज टाकलाय आणि ते मिळेपर्यंत केस बंद समजायची नाही असं बजावलंय. दीदी कामावर आहे. मुलीच्या जन्मदाखल्यावर आईचं नाव बेगम पडलंय ते वॉर्ड ऑफिसातून दुरुस्त करायला दिलंय, मुलाचं बरोबर आहे. पुढच्या तारखेला ठाण्यात जाताना तिच्याबरोबर कोण कोण जाणार ते ग्रुपवर ठरलंय, या वेळी काकांनीही नाव दिलंय.